यूसीसी-१ भरताना कर्जदाराचं नेमकं कुठलं नाव टाकायचं?

मला प्रश्न समजला तो असा. डॅलसजवळचं तुमचं छोटं उपाहारगृह तुम्ही एका मराठी गृहस्थांना विकलं. काही पैसे हातात आले, उरलेले ८० हजार डॉलर ते सहा वर्षांत हप्त्यांनी देणार आहेत आणि तोवर स्वयंपाकघरातली सगळी उपकरणं तुमच्याकडे तारण राहणार आहेत. चाव्या देऊन दोन आठवडे झाले. आता यूसीसी-१, म्हणजे ही उपकरणं तारण आहेत असं राज्याच्या कार्यालयात नोंदवायचा फॉर्म, भरायला बसलात, तर त्यांच्या पासपोर्टवर एक नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर दुसरं, विक्रीच्या करारावर तिसरं आणि दुकानाच्या पाटीवर चौथंच. शिवाय पुढेमागे एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायचा त्यांचा विचार आहे. तुम्ही विचारलंय की यातलं कुठलं नाव टाकू, आणि एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं, माणूस तर तोच आहे ना?

आधी सांगून टाकतो, मी वकील नाही. उपकरणांवर कर्ज देणाऱ्यांची कागदपत्रं तयार करणं आणि ती राज्याच्या कार्यालयात दाखल करणं हे माझं टेक्ससमधलं रोजचं काम. खाली लिहिलंय ते त्या कामातून आलेलं आहे. करार तुमच्या वकिलांनी वाचलेला असणं वेगळं आणि आवश्यकच.

‘माणूस तर तोच आहे’ या वाक्यातच सगळी गोम आहे. यूसीसी-१ तुम्ही दोघांपैकी कुणीच पुन्हा वाचणार नाही. तो वाचणार तिसराच कुणीतरी: उद्या याच उपकरणांवर कर्ज द्यायला निघालेला बँकेचा अधिकारी, किंवा खरेदीदाराचं दिवाळं निघालं तर न्यायालयाने नेमलेला ट्रस्टी. तो या गृहस्थांना ओळखत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. तो सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे हे फॉर्म जिथे दाखल होतात त्या राज्य कार्यालयाच्या, यादीत एक नाव टाइप करतो आणि समोर जे येतं तेवढंच त्याच्यासाठी अस्तित्वात असतं. मतदार यादीत आपलं नाव एका वेलांटीच्या फरकाने सापडत नाही आणि केंद्रावरचा कर्मचारी शांतपणे ‘नाही बघा’ म्हणतो, तसंच हे. तुम्ही समोर उभे आहात याला तिथे किंमत नाही.

कायद्यातही हीच मांडणी आहे. युनिफॉर्म कमर्शियल कोड (यूसीसी तो हाच, व्यापारी व्यवहारांचा कायदा) याच्या नवव्या प्रकरणात कलम ९-५०२ प्रमाणे या फॉर्मला तीनच गोष्टी लागतात: कर्जदाराचं नाव, कर्ज देणाऱ्याचं नाव आणि तारणाचा उल्लेख. कलम ९-५०६ म्हणतं की किरकोळ चुकांमुळे फॉर्म बाद होत नाही, चूक ‘गंभीर दिशाभूल’ करणारी असेल तरच होतो. तुमचा स्वतःचा पत्ता चुकला, तुमच्या नावात गडबड झाली, तर बहुतेक वेळा निभावून जातं. कर्जदाराचं नाव कसं लिहायचं ते कलम ९-५०३ सांगतं. ते नाव मात्र त्याप्रमाणे नसेल, तर ती चूक आपोआप गंभीर धरली जाते. त्यातून सुटायची वाट एकच आहे. बरोबर नाव टाकून, त्या कार्यालयाच्या प्रमाणित शोधपद्धतीने शोधल्यावर तुमचा चुकीच्या नावाचा फॉर्म तरीही समोर आला, तर तुम्ही वाचलात. संगणकाला सापडलं नाही की संपलं. तुम्ही चांगल्या मनाने केलं होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं, यातलं काहीही ऐकलं जात नाही.

आता नेमकं काय जातं तेही बघा, कारण यावर लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. कर्ज बुडत नाही. तुमच्यात आणि खरेदीदारात झालेला तारणाचा करारही शाबूत राहतो, हप्ते थकले तर त्यांच्याविरुद्ध तो चालतोच. जातो तो तिसऱ्यांच्या विरुद्धचा हक्क. दिवाळखोरीत ट्रस्टीला दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५४४ खाली असे अधिकार मिळतात की ज्या तारणाची नोंद नीट झालेली नाही ते तो मोडीत काढू शकतो. मग तुमचा फ्रायर, ग्रिल, वॉक-इन कूलर सगळं सामायिक गाठोड्यात जातं आणि तुम्ही भाजीवाल्याच्या, वीजबिलाच्या रांगेत उभे राहता.

तर, कुठलं नाव? खरेदीदार व्यक्ती म्हणून कर्ज घेत आहेत, एलएलसी अजून नाही, त्यामुळे आधी व्यक्तीचा नियम बघू.

पूर्वी कायद्यात ‘व्यक्तीचं नाव’ एवढंच होतं आणि ते म्हणजे कुठलं यावर कज्जे चालायचे. २००४ मधला कॅन्ससचा खटला आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. शेतकऱ्याचं नाव टेरन्स, मधलं नाव जोसेफ. शेती अवजारांवर कर्ज देणाऱ्या डीअर कंपनीने फॉर्मवर लिहिलं ‘टेरी जे.’ आणि आडनाव. सगळे त्याला टेरीच म्हणत. अपिलात निकाल गेला डीअरच्या विरुद्ध: टोपणनाव चालणार नाही. असे बरेच खटले झाल्यावर २०१० मध्ये दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि बहुतेक राज्यांत १ जुलै २०१३ पासून त्या लागू झाल्या. त्यात राज्यांना दोन पर्याय दिले होते. टेक्सससह बहुतेक राज्यांनी पहिला घेतला: व्यक्तीकडे त्या राज्याचं मुदतीतलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर त्यावरचंच नाव, दुसरं कुठलंही नाही. टेक्ससमध्ये लायसन्स नसलेल्यांना मिळणारं ओळखपत्रही यात धरतात. दुसरा पर्याय घेतलेल्या थोड्या राज्यांत लायसन्सवरचं नाव ही एक सुरक्षित वाट आहे, एकमेव वाट नाही. तुम्ही टेक्ससमध्ये, म्हणून तुमच्यासाठी पहिला.

यातलं ‘त्या राज्याचं’ हे दोन शब्द नीट वाचा. राज्य म्हणजे कर्जदार जिथे मुख्यत्वे राहतो ते. उपाहारगृह कुठे आहे याने फरक पडत नाही. खरेदीदार राहायला ओक्लाहोमात असते तर फॉर्मही तिथेच दाखल करावा लागला असता. आणि ते टेक्ससमध्ये राहतात पण खिशात अजून न्यू जर्सीचं जुनं लायसन्स आहे, असं असेल तर ते लायसन्स या नियमापुरतं नसल्यासारखंच. आपल्या लोकांत हे फार दिसतं, नोकरी बदलून आलेला माणूस वर्षभर जुन्याच लायसन्सवर गाडी चालवत असतो. तेव्हा पहिला प्रश्न नावाचा नाही. ‘राहता कुठे आणि लायसन्स कुठल्या राज्याचं’ हा आहे.

लायसन्स प्रत्यक्ष हातात घ्या. फोटोकॉपी अस्पष्ट असते, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत कडा कापलेल्या असतात. दोन्ही बाजूंची स्वच्छ स्कॅन फाइलमध्ये ठेवा आणि फॉर्म भरताना फक्त तिच्याकडे बघा. करार बाजूला ठेवा, पासपोर्ट बाजूला ठेवा. ओळखीचा माणूस असेल तर जास्तच जपा, कारण बोटं आपोआप सवयीचं नाव टाइप करतात. लायसन्सवर सहीही असते आणि सही वेगळी असू शकते. जॉर्जियात २०१८ मध्ये असाच वाद झाला: छापलेल्या नावात मधलं नाव होतं, सहीत नव्हतं, बँकेने सहीसारखं मधल्या नावाशिवाय लिहिलं होतं. न्यायालयाने छापलेलं नाव धरलं आणि बँक हरली.

इथवर सरळ आहे. मराठी नावं आली की घोळ सुरू होतो, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या पुढच्या भागात आहे.

आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं. भारतीय पासपोर्टवर रकाने दोनच: आडनाव आणि दिलेलं नाव. दिलेल्या नावात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही येतात. अमेरिकेतलं लायसन्स कार्यालय पासपोर्ट बघून नोंद करतं. तिथला कारकून कधी ‘समीर’ हे पहिलं आणि ‘अनंत’ हे मधलं नाव म्हणून भरतो, कधी ‘समीर अनंत’ हे आख्खं पहिल्या नावाच्या रकान्यात टाकतो. गंमत अशी की कार्डाच्या दर्शनी बाजूवर दोन्हींचं रूप एकच दिसतं. पहिल्या ओळीत आडनाव, दुसऱ्या ओळीत ‘समीर अनंत’. यूसीसी-१ च्या फॉर्मवर मात्र रकाने सुटे आहेत: आडनाव, पहिलं नाव, इतर नावं किंवा आद्याक्षरं, आणि शेवटी ज्युनियर वगैरे असेल तर ते. म्हणजे ती ओळ कुठे तोडायची हे तुम्हालाच ठरवायचं आहे आणि तोडणं चुकलं तर शोध चुकतो. अनेक राज्यांच्या शोधपद्धतीत मोकळ्या जागा काढून टाकतात, त्यामुळे पहिल्या नावात ‘समीर अनंत’ लिहिलं की संगणकाच्या दृष्टीने तो ‘समीरअनंत’ नावाचा एक इसम होतो. ‘समीर’ शोधणाऱ्याला तो भेटेलच असं नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला चौकोनी बारकोड असतो. त्यात आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव असे वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे कार्यालयाने नोंद कशी केली ते तो वाचून कळतं. बारकोडमधलं नाव म्हणजे ‘लायसन्सवरचं नाव’ का, यावर विसंबून राहू नये असं माझं मत. पण संशय कुठे आहे हे त्यावरून कळतं, म्हणून मी तो वाचून घेतो.

आणि संशय असेल तिथे मी भांडत बसत नाही, दोन्ही नावं टाकतो. यूसीसी-१ वर दुसऱ्या कर्जदारासाठी जागा आहे, त्याहून जास्त लागली तर पुरवणी फॉर्म आहे. पहिल्या कर्जदाराच्या जागी आडनाव कुलकर्णी, पहिलं समीर, इतर अनंत. दुसऱ्या जागी आडनाव कुलकर्णी, पहिलं ‘समीर अनंत’, इतर कोरं. माणूस एकच असला तरी दोन ओळींत दोन कर्जदार म्हणून नोंदवले तर यादीत दोन ठिकाणी सापडतो, आणि नुकसान काही नाही. तारणाच्या करारावर सही करून खरेदीदाराने तुम्हाला फॉर्म दाखल करायची परवानगी दिलेलीच असते. करू नये ते एकच: एकाच रकान्यात ‘ऊर्फ’ लावून दोन नावं कोंबणं. त्याने बरोबर असलेलं नावही बिघडतं.

आडनावाचं स्पेलिंग हा दुसरा खड्डा. चौधरी हे एकच आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते आठवा, शेवटी आय की वाय, आधी ए-यू की ओ-यू. दीपकमध्ये दोन ई की एक आय. कानाला सारखं वाटणारं शोधून देणं हे सहसा या शोधपद्धतींचं काम नाही, अक्षरं जुळली तरच जुळलं. गोव्याच्या मंडळींत डिसोझाचा अपॉस्ट्रॉफी येतो. लायसन्सवर तो बहुधा गळलेला असतो, आणि बऱ्याच शोधपद्धती विरामचिन्हं विचारात घेत नाहीत, त्यामुळे त्याची फार चिंता नको. पण कुणी डी सुटा करून मधल्या नावात ढकलला आणि आडनाव नुसतं ‘सोझा’ ठेवलं, की तुम्ही गेलात.

ज्यांच्या पासपोर्टवर एकच रकाना भरलेला आहे त्यांची आणखी तऱ्हा. अमेरिकी व्हिसावर दिलेल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, आणि पूर्ण नाव आडनावाच्या जागी. तेच पुढे लायसन्सवर उतरतं. वाचायला विचित्र वाटलं तरी आधी लायसन्सवर आहे तसंच लिहा, मग वेगळ्या ओळीत नीट तोडलेलं नाव द्या. लांबलचक नावं कार्डावर मावत नाहीत म्हणून कापलेली असतात, तिथेही हीच युक्ती: कापलेलं एक, पूर्ण एक. फॉर्मवर स्वतः काटछाट करू नका. व्यक्तीचं नाव त्या ओळीत मावत नसेल तर कर्जदाराची ती सगळीच जागा कोरी ठेवून नाव पुरवणी फॉर्मवर लिहायची सोय छापील सूचनेतच दिलेली आहे.

बायकांच्या बाबतीत तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं असू शकतं. पासपोर्टवर माहेरचं, लायसन्सवर सासरचं, मधे कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं नाव. तिथे करारावर सही कुठल्या नावाने झाली याने गोंधळून जाऊ नका. (महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचं ठरवलंय. ती पिढी इथे कर्ज घ्यायला येईल तेव्हा हे फॉर्म भरणाऱ्याचं काय होईल ते बघायला मी नसेन, बरंच आहे.)

आता जी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही ती: लायसन्सची मुदत. नियम ‘मुदतीतलं लायसन्स’ म्हणतो. ज्यांचा इथला मुक्काम व्हिसावर आहे त्यांचं लायसन्स साधारणपणे व्हिसाच्या मुदतीपुरतंच असतं, टेक्ससमध्ये तसा शेरा कार्डावरच छापतात. मुदत संपली की लायसन्सचा नियम बाजूला पडतो आणि दुसरा लागतो: व्यक्तीचं नाव, किंवा आडनाव आणि पहिलं नाव. तुमच्या फॉर्मवरचं नाव त्या कसोटीलाही उतरतं का? साध्या ‘कुलकर्णी, समीर’ प्रकारात बहुधा उतरतं. ‘एफएनयू’वाल्याचं उतरेलच असं नाही. नूतनीकरणाच्या वेळी नवा कारकून नवी नोंद करतो आणि वडिलांचं नाव मधून पहिल्यात किंवा पहिल्यातून मधे उडी मारतं. ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व घेताना नाव बदलून घेतलं, की परत नवं कार्ड. कायद्याच्या भाषेत हा नावातला बदल आहे. बदलामुळे जुना फॉर्म शोधात सापडेनासा झाला, तर आधीच्या वस्तूंवर आणि बदलानंतर चार महिन्यांत आलेल्या वस्तूंवर तुमचा हक्क टिकतो, त्यानंतर आलेल्या वस्तूंवर नाही, जोपर्यंत तुम्ही दुरुस्तीचा फॉर्म दाखल करत नाही तोपर्यंत. तुमचं तारण मुळात आहे त्याच उपकरणांचं असेल तर याने लगेच आभाळ कोसळत नाही. पण करारात ‘पुढे घेतलेली उपकरणंही’ असं असेल आणि दोन वर्षांनी त्यांनी नवा ओव्हन घेतला, तर तो तुमच्या हातातून निसटू शकतो.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक फाइलवर कर्जदाराच्या लायसन्सची मुदत संपायची तारीख लिहिलेली असते आणि त्या तारखेला कॅलेंडर आठवण करून देतं. तुम्ही करारात एक ओळ घालून घ्या: लायसन्स नवं निघालं, नाव बदललं किंवा राहतं राज्य बदललं तर कर्जदाराने ठरावीक दिवसांत कळवायचं आणि नव्या कार्डाची प्रत द्यायची. राज्य बदललं तर चार महिन्यांत नव्या राज्यात नोंद करावी लागते, आणि तिथे चुकलं तर आधीच्या वस्तूंवरचंही संरक्षण जातं, म्हणून ते कलम नुसतं सजावटीला नको.

इथवरचं थोडक्यात: राहतं राज्य टेक्सस, लायसन्स टेक्ससचं आणि मुदतीतलं, तर कार्डावर छापलेलं नाव मुख्य. तोडण्याबद्दल शंका असेल तर दुसऱ्या ओळीत दुसरं रूप. पासपोर्टवरचं नाव वेगळं असेल तर तेही एका ओळीत टाकायला हरकत नाही. पाटीवरचं नाव मात्र कर्जदाराचं नाव म्हणून चालत नाही. ९-५०३ मध्ये स्पष्टच आहे की नुसतं धंद्याचं नाव पुरेसं नाही. त्यांनी काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयात, धंद्याचं नाव रीतसर नोंदवलेलं असलं तरी.

एलएलसीचं. त्यांनी ती काढली की नियम बदलतो आणि खरं तर सोपा होतो, कारण कंपनीला टोपणनाव नसतं. राज्याकडे दाखल झालेल्या स्थापनेच्या दस्तात, टेक्ससमध्ये सर्टिफिकेट ऑफ फॉर्मेशन, जे नाव आहे ते, आणि नंतर दुरुस्ती दाखल झाली असेल तर त्यातलं. करविभागाचं पत्र, बँकेचं खातं, ऑपरेटिंग अॅग्रीमेंट, गुड स्टँडिंगचा दाखला, राज्याच्या संकेतस्थळावरचा शोधनिकाल, यातलं काहीही त्या दस्ताची जागा घेत नाही. प्रत मागवा आणि तिच्यावरून अक्षर न अक्षर उतरवा, स्वल्पविरामासकट. एलएलसी, इन्क वगैरे शेपट्या आणि विरामचिन्हं बहुतेक शोधपद्धती सोडून देतात, पण मी त्यावर कधी विसंबत नाही.

कंपन्यांच्या नावात लोक किती बारीक चुकीने हरलेत याची उदाहरणं वाचली की पटतं. व्हर्जिनियात २००६ मध्ये ‘टायरिंगहॅम होल्डिंग्ज’ या कंपनीच्या नावातला शेवटचा एस सुटला आणि तिच्याकडे विक्रीला दागिने ठेवणारा पुरवठादार हरला. नेब्रास्काच्या २०१० च्या निकालात बँकेने कंपनीचं नाव बरोबर लिहिलं होतं, पण त्याच रकान्यात पुढे ‘या नावाने धंदा करणारी’ म्हणून दुसरं नाव जोडलं. जास्तीचं लिहूनही हरता येतं ते असं. आणि फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘१९४४ बीच बुलेव्हार्ड, एलएलसी’च्या प्रकरणात तर कमालच केली. फॉर्मवर बुलेव्हार्डचं संक्षिप्त रूप होतं, एवढंच. न्यायालय म्हणालं, फ्लोरिडाची यादी कुठूनही सुरू होऊन पुढेमागे पानं उलटत सगळी बघता येते, त्यामुळे ‘प्रमाणित शोधपद्धत’ असं काही तिथे नाहीच, मग चूक माफ करायची ती एकुलती एक वाटही बंद. मला हा निकाल कडक वाटतो, पण कायद्याच्या शब्दांशी प्रामाणिक आहे.

तुमच्या बाबतीत क्रम असा होईल. आज फॉर्म व्यक्तीच्या नावाने जाईल. उद्या उपकरणं एलएलसीच्या नावावर गेली तर त्या मूळ उपकरणांवरचा तुमचा हक्क आणि फॉर्म बहुधा टिकून राहतो, पण एलएलसी पुढे जे विकत घेईल त्यावर तो आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. एलएलसी झाल्याचं कळताच तिच्याकडून तारणाच्या करारावर सही घ्या आणि तिच्या नावाने नवा यूसीसी-१ दाखल करा. ती डेलावेअर या दुसऱ्याच राज्यात काढली, आणि इथले हौशी सल्लागार हे हमखास सुचवतात, तर फॉर्म टेक्ससमध्ये नाही, डेलावेअरमध्ये जाईल. नोंदणीकृत कंपनीचं ठिकाण म्हणजे ती जिथे स्थापन झाली ते राज्य. दुकान कुठेही असो.

आता घाईची गोष्ट. तुम्ही स्वतः विकलेल्या वस्तूंच्या उरलेल्या किमतीसाठी त्याच वस्तू तारण घेतल्या आहेत. अशा तारणाला विशेष अग्रक्रम मिळतो: उपकरणांच्या बाबतीत ताबा दिल्यापासून २० दिवसांत नोंद झाली, तर आधीपासून ‘सगळी उपकरणं’ तारण घेऊन बसलेल्या बँकेच्याही तुम्ही पुढे जाता. चाव्या देऊन दोन आठवडे झाले म्हणजे थोडेच दिवस उरले आहेत. शंका असलेल्या दोन-तीन रूपांसह आजच दाखल करा, निरसन नंतर करत बसा. (दुकानातला विक्रीचा माल यात येत नाही, त्याचे नियम वेगळे आणि ताबा देण्याआधी पाळायचे असतात.)

दाखल केल्यावर पावती आली म्हणजे नाव बरोबर, असं समजू नका. कार्यालय तुमचा फॉर्म लायसन्सशी ताडून बघत नाही. आडनावाचा रकाना रिकामा असेल, शुल्क नसेल, अशा ठरावीक कारणांसाठीच ते फॉर्म परत करतं. म्हणून नोंद यादीत चढली की स्वतः शोध घ्या, पण फॉर्मवरच्या नावाने नाही, कार्डावरच्या नावाने, नव्याने टाइप करून. कॉपी-पेस्ट केलंत तर आपलीच चूक आपल्याला सापडून समाधान मिळेल. शक्य असेल तर अधिकृत शोध मागवा. संकेतस्थळावरचा सैल शोध, जिथे नावाची सुरुवात टाकली तरी सगळं येतं, त्यात तुमचा फॉर्म दिसला म्हणजे कायद्याच्या कसोटीत दिसला असं नाही.

शोधात सापडला नाही तर यूसीसी-३ वर दुरुस्ती करता येते, किंवा सरळ नवा यूसीसी-१. दुरुस्तीचा परिणाम मात्र दुरुस्तीच्या दिवसापासून धरा. मधल्या काळात दुसऱ्याने नोंद केली तर तो पुढे जाईल. आणि दुरुस्तीनंतर ९० दिवसांच्या आत खरेदीदाराने दिवाळखोरीचा अर्ज केला, तर ट्रस्टी ती दुरुस्तीही आव्हानात आणू शकतो. चूक पहिल्याच आठवड्यात सापडणं आणि चौथ्या वर्षी हप्ते थकल्यावर सापडणं यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दोन सुट्या गोष्टी. व्यवहारात केटरिंगची व्हॅन असेल तर तिच्यासाठी यूसीसी-१ उपयोगाचा नाही, गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, तुमचा बोजा चढवून घ्यावा लागतो. आणि इमारतीला पक्क्या बसवलेल्या वस्तू, म्हणजे धुराड्याचा हूड वगैरे, त्यांची नोंद काउंटीच्या जमीन-दस्तांतही करायला वकील सांगतील. कर्जदाराच्या नावाचा नियम तिथेही लक्षात असू द्या.

हप्ते सहा वर्षांचे आहेत आणि यूसीसी-१ पाच वर्षांनी आपोआप संपतो. मुदतवाढीचा फॉर्म शेवटच्या सहा महिन्यांतच दाखल करता येतो, आधी केला तर धरत नाहीत. ती तारीख आत्ताच लिहून ठेवा आणि मुदतवाढ दाखल करायच्या दिवशी खरेदीदारांकडून त्या वेळचं लायसन्स पुन्हा मागून घ्या.